नदीकाठी पक्षी पाहायला जाताय? आधी क्रम नीट लावा

डिसेंबरातली रविवार सकाळ. पुण्याहून सोलापूर रस्त्याने हडपसर मागे टाकून कवडीपाटला पोचावं, तर मुळा-मुठेच्या बंधाऱ्याजवळ गाड्या लागलेल्या असतात. गाडीची दारं धाडकन आपटतात आणि चार-पाच जण गळ्यात कॅमेरे अडकवून तडक पाण्याच्या कडेला जातात. उथळ पाण्यात बसलेले चक्रवाक माना वर करतात, नाकातल्या आवाजात दोन-तीनदा ओरडतात आणि उठून पार पलीकडे जाऊन बसतात. अर्ध्या तासाने तीच मंडळी परत येताना म्हणतात, "यंदा पक्षी कमी झालेत."

पक्षी तिथंच होते. यांनीच ते उठवले.

मी गेली काही वर्षं नवख्या मंडळींना नदीकाठी घेऊन जाते. चुका त्याच त्याच होतात आणि बहुतेक सगळ्या क्रमाच्या असतात. लोक आधी चालतात आणि मग थांबतात. आधी फोटो काढतात आणि मग बघतात. आधी नाव ठरवतात आणि मग त्या नावाला जुळतील अशा खुणा शोधतात. हा क्रम उलटा केला, तर पहिल्याच फेरीत दुप्पट दिसायला लागतं. उदाहरणं मी कवडीपाटची देणार आहे, कारण तो काठ माझ्या पायाखालचा आहे. पण तुमच्या गावाला नदी असेल तर कवडीपाटला यायची गरज नाही. पायऱ्या सगळीकडे याच.

## १. जागा: एकच किलोमीटर, पण पुन्हा पुन्हा

नवीन माणूस दर रविवारी नवीन जागा धरतो आणि वर्षभरानंतरही कुठल्याच जागेची त्याला ओळख झालेली नसते. तुम्ही एकच पट्टा निवडा, लांबी जास्तीत जास्त एक किलोमीटर. त्यात चार गोष्टी आहेत का ते बघा: संथ पाणी, उथळ खडकाळ किंवा चिखलाचा भाग, काठावरची मोठी झाडं, आणि गवत किंवा शेत. बंधारा असलेली जागा म्हणूनच चांगली. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतं, तिथे बदकं, वारकरी पक्षी आणि टिबुकल्या असतात. खालच्या अंगाला खडकांतून पाणी पळतं, तिथे धोबी पक्षी, तुतवार आणि बगळे. शंभर पावलांत दोन वेगळी जगं मिळतात.

मग उजेड. सूर्य पाठीशी हवा. समोर सूर्य असला की प्रत्येक पक्षी काळाच दिसतो, आणि निम्म्या चुकीच्या ओळखी तिथूनच सुरू होतात. कवडीपाटला नदी साधारण पूर्वेकडे वाहते आणि सोलापूर रस्त्याकडून आपण दक्षिण काठावर पोचतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे तो आपोआप पाठीमागे राहतो. तुमची नदी उत्तर-दक्षिण वाहत असेल, तर सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघा, संध्याकाळी याच्या उलट.

तपासा: पहिल्या फेरीआधी एकदा दुपारी नुसतं जाऊन या. पायवाट कुठे संपते, कुठला बांध कुणाच्या शेताचा आहे, कुत्री कुठे बसतात, परतीची वाट कुठली, हे अंधुक उजेडात शोधायची वेळ येऊ नये. शेतातून जायचं असेल तर शेतकऱ्याला आधी विचारा. एकदा ओळख झाली की "परवा इथे मोठे करकोचे उतरले होते" ही बातमी तोच आपणहून देतो.

## २. आदली रात्र: बारा पक्षी, तीनशे नाहीत

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळून गेलेला माणूस काठावर गोंधळतो, कारण त्याच्या डोक्यात सगळीच चित्रं एकमेकांत मिसळलेली असतात. पहिल्या फेरीसाठी फक्त बारा पक्षी ठरवा, जे तुमच्या नदीवर हमखास दिसतात असे. माझी यादी अशी असते: टिटवी, शेकाट्या, हळदी-कुंकू बदक, टिबुकली, छोटा पाणकावळा, वंचक, लहान बगळा, गाय बगळा, खंड्या, कवड्या धीवर, पांढरा धोबी, तुतवार.

प्रत्येकाची एकच खूण पाठ करा. शेकाट्याचे लांबच लांब गुलाबी पाय. हळदी-कुंकू बदकाच्या चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकवाचा ठिपका, नाव त्यावरूनच पडलं आहे. टिबुकली सारखी बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. तिला बदकाचं पिल्लू समजण्याची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. कवड्या धीवर काळापांढरा असतो आणि पाण्यावर एका जागी पंख फडफडवत टांगल्यासारखा थांबतो. छातीवर दोन काळे पट्टे असतील तर नर, एकच आणि तोही मध्ये तुटलेला असेल तर मादी.

हे बारा डोळ्यांत बसले की तेरावा आपोआप वेगळा उठून दिसतो.

सामान फार नको. दुर्बीण, छोटी नोंदवही, पेन्सिल, पाणी, टोपी, बंद बूट. पेन्सिलच, कारण दवाने ओलसर झालेल्या पानावर पेन उमटत नाही. कपडे मळखाऊ रंगाचे घ्या: खाकी, शेवाळी, तपकिरी. पांढरा, लाल आणि भडक पिवळा घरी ठेवा. हात हलवला की चरचर वाजणारं जॅकेटसुद्धा नको.

वेळ उजाडण्याची. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत सूर्य साधारण सातला उगवतो, मे महिन्यात सहाच्या सुमाराला. त्याच्या पंधरा मिनिटं आधी काठावर असा. नऊनंतर हालचाल मंदावते आणि वर्दळ वाढते.

## ३. दुर्बीण स्वतःच्या डोळ्यांना बसवून घ्या

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो. मी मुद्दाम विचारते, "दुर्बीण डोळ्याला लावलीत का?" सगळे हो म्हणतात. मग एकेकाची बघितली, तर दहातल्या सात जणांना दोन वेगळी वर्तुळं किंवा एका डोळ्याने धूसर दिसत असतं आणि दुर्बीण अशीच असते असा त्यांचा समज झालेला असतो.

आधी निवडीबद्दल दोन शब्द. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या गोलाचा व्यास कळतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर येतो, खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये फक्त अडीच. पहाटेच्या कमी उजेडात हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय दहा पटीत हाताचा कंपही दहा पट दिसतो. नवख्याने ८×४२ घ्यावी किंवा कुणाकडून मागून आणावी. जास्त पट म्हणजे जास्त चांगली, हा दुकानात होणारा गैरसमज आहे.

आता बसवणं. आदल्या दिवशी गच्चीवरून करा.

पहिल्यांदा डोळ्यांकडचे रबरी कप. चष्मा असेल तर ते आत दाबून ठेवा, नसेल तर बाहेर काढा. कप चुकीचे असले की कडेने काळी सावली येते.

मग दुर्बीण मधल्या बिजागरीवर उघड-मीट करा, दोन वर्तुळांचं एकच पूर्ण वर्तुळ होईपर्यंत.

मग लांबची एखादी पाटी निवडा. पुढचं उजवं भिंग तळहाताने झाका. डाव्या डोळ्याने बघत मधलं चाक फिरवून अक्षरं स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका, मधल्या चाकाला हात लावू नका, आणि उजव्या डोळ्याकडची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. बहुतेक दुर्बिणींत ही कडी उजव्या बाजूलाच असते. तिच्यावरची खूण कुठे थांबली ते नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

शेवटी उचलण्याचा सराव. तारेवर बसलेला कावळा निवडा. नजर कावळ्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणा. लोक नेमकं उलटं करतात: खाली बघून दुर्बीण उचलतात, डोळ्याला लावतात आणि मग आकाशभर कावळा शोधत बसतात. हे वीस वेळा करा. विसाव्या वेळी कावळा पहिल्या झटक्यात सापडतो.

सावधान: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघू नका, उगवत्या किंवा मावळत्या सूर्याकडेसुद्धा नाही. घारीमागे दुर्बीण फिरवताना हे नकळत घडू शकतं. मुलांच्या हातात दुर्बीण देताना हे आधी सांगा.

## ४. पहिली दहा मिनिटं: पाय जागचे हलवायचे नाहीत

काठापासून थोडं अलीकडे, एखाद्या झाडाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला उभे राहा. करंज, वाळुंज, बाभूळ, जे असेल ते. फोनचा आवाज बंद.

पहिली तीन मिनिटं फक्त ऐका. नावं शोधू नका, वेगवेगळे आवाज किती ते मोजा. एक डावीकडच्या गवतातून, एक पाण्यावरून, एक मागच्या झाडावरून. पाच वेगळे आवाज मोजलेत म्हणजे पाच ठिकाणी बघायचं आहे.

पुढची तीन मिनिटं नुसत्या डोळ्यांनी. डावीकडून उजवीकडे, आधी जवळची कडा, मग पाणी, मग पलीकडचा काठ, मग झाडांचे शेंडे आणि तारा. हालचाल दिसली की तिथे नजर ठेवा.

उरलेला वेळ दुर्बिणीने, त्याच क्रमाने, सावकाश. जिथे काहीच नाही असं वाटतं ते दगड नीट बघा. कंठेरी चिखल्या पाण्याकाठच्या दगडगोट्यांत असा मिसळून जातो, की तो दोन पावलं धावेपर्यंत तिथे पक्षी आहे हे कळत नाही. धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. तो धावण्याची वाट पाहायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढी द्यायचीच असतात.

तपासा: दहा मिनिटांनी वहीत निदान पाच ओळी झाल्या का? झाल्या नसतील तर आणखी पाच मिनिटं थांबा. पुढे जाऊन ती भरून निघत नाहीत.

## ५. चालणं: म्हशींकडून शिकण्यासारखं

काठावर म्हशी चारणाऱ्या एका काकांनी मला जे दाखवलं ते कुठल्या शिबिरात कळलं नव्हतं. त्यांच्या म्हशी पाण्याच्या कडेने गेल्या, काका त्यांच्या मागून गेले, आणि दहा-बारा पावलांवर चरणारे शेकाटे हलले नाहीत. मी त्याच वाटेने निघाले, आणि चाळीस पावलांवरच सगळे उठले. काका म्हणाले, "ताई, तुम्ही त्यांच्यावर चालून जाता. आम्ही बाजूनं जातो."

तेव्हापासून मी पक्ष्याच्या दिशेने सरळ कधीच जात नाही. तिरकं चालायचं, जणू काही आपल्याला दुसरीकडेच जायचं आहे. वीस पावलं, मग थांबा. नजर रोखून धरायची नाही. बांधाच्या माथ्यावर उभं राहायचं नाही, कारण तिथे आपली आकृती आकाशावर उठून दिसते. बांधाच्या उतारावरून चाला. बोट दाखवण्यासाठी हात उंच करू नका. "समोरची सुकी बाभूळ, घड्याळात दोन वाजतात तिथली फांदी" असं हळू आवाजात सांगितलं तरी शेजारच्याला पक्षी सापडतो. एका वेळी पाच-सहा माणसांपेक्षा जास्त नकोत.

पक्षी उडण्याआधी सांगतो. चरणं थांबवतो, मान उंच करतो. मग आपल्यापासून दूर चालू लागतो, किंवा शेपूट-डोकं झटकतो. मग एकदा ओरडतो. पहिली खूण दिसली की थांबा. दुसरी दिसली की दोन पावलं मागे या. तिसरीपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. थंडीतल्या सकाळी थवा उठवला की त्यांची चरण्याची वेळ जाते आणि लांबच्या प्रवासासाठी साठवायची चरबी फुकट खर्च होते.

टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर ती तुम्हालाच हाकलते आहे. आल्या पावली परत फिरा.

## ६. एका पक्ष्याकडे बघण्याचा क्रम

रंग शेवटी बघा. हे वाक्य मी दर फेरीत सांगते आणि दर फेरीत कुणीतरी पहिला शब्द उच्चारतं, "तपकिरी." तपकिरी पक्षी नदीकाठी निदान पंचवीस असतील.

आधी आकार, ओळखीच्या पक्ष्याशी तुलना करून: चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. मग ठेवण: चोच किती लांब, सरळ की वाकडी, पाय किती उंच. मग वागणं: चालतो की टुणटुण उड्या मारतो, शेपूट हलवतो का, पाण्यात कुठपर्यंत शिरतो. मग रंग, तोही डोक्यापासून शेपटीपर्यंत ओळीने. सगळ्यात शेवटी, तो आपणहून उडाला तर, उडताना काय दिसलं.

बंधाऱ्याखालच्या खडकावर साळुंकीएवढा, वरून तपकिरी आणि खालून पांढरा एक पक्षी आहे असं धरा. थांबून नीट बघा. तो शेपटीकडचा भाग सारखा वरखाली करतो आहे, चालताना आणि थांबल्यावरही. छातीची तपकिरी छटा जिथे संपते तिथे पंखाच्या पुढून एक पांढरी पट्टी खांद्याकडे वर घुसलेली दिसते. उडाला तर पाण्याला लागून, ताठ पंखांची भरभर फडफड करत, मध्ये मध्ये तरंगत गेला. हा तुतवार. त्याच्या शेजारी जास्त गडद पाठीचा एक आहे, तो उडाला आणि काळसर अंगावर शेपटीच्या मुळाशी पांढराशुभ्र भाग चमकला, तर ती हिरवी तुतारी. पाठीवर बारीक ठिपके, डोळ्यावर लांब पांढरी भुवई आणि पिवळट पाय असतील तर ठिपकेवाली तुतारी.

या तिघांत माझी तीन वर्षं गेली. सुरुवातीला मी सगळ्यांना हिरवी तुतारी म्हणत होते आणि वहीत फक्त नाव लिहीत होते. पुढे भुवईची खूण कळली, तेव्हा जुन्या वह्या काढल्या. दुरुस्त काय करणार? वर्णन कुठेच नव्हतं, फक्त चुकलेलं नाव होतं. त्या तीन हिवाळ्यांच्या नोंदी वाया गेल्या, आणि त्यातल्या दोन पाणवठ्यांवर आता इमारती आहेत. तिथे तेव्हा कोण येत होतं हे मी कधीच सांगू शकणार नाही.

पांढऱ्या बगळ्यांचा गोंधळ मात्र एका सकाळीत सुटतो. चोच काळी, पाय काळे आणि पावलं पिवळी: लहान बगळा. चोच पिवळी, मान आखूड, गुरांच्या आसपास: गाय बगळा. अंगाने बराच मोठा, मानेला ठळक बाक आणि तोंडाची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली: मोठा बगळा. हिवाळ्यात पिवळी चोच असूनही ती रेघ डोळ्याखालीच थांबली तर मध्यम बगळा. आणि मातकट रंगाचा, खांदे पाडून बसलेला पक्षी उडाला आणि एकदम पांढरा झाला, तर तो वंचक. बसल्यावर पांढरे पंख पूर्ण झाकले जातात, म्हणूनच तो फसवतो.

तपासा: नाव न घेता तुम्ही त्या पक्ष्याचं चार वाक्यांत वर्णन करू शकता का? येत नसेल तर अजून बघणं झालेलं नाही.

## ७. नोंद: जागेवरच, आणि नाव शेवटच्या रकान्यात

घरी जाऊन लिहीन म्हणणाऱ्याच्या वहीत रंग बदलतात. पानाच्या डोक्यावर तारीख, सुरुवातीची वेळ, जागा, हवा आणि पाण्याची पातळी लिहा. मग प्रत्येक पक्ष्याची ओळ. एक नमुना:

"७.२०. बंधाऱ्याखाली खडक. १. साळुंकीएवढा, वर तपकिरी, खाली पांढरा, खांद्यापाशी पांढरी पट्टी, सारखं बूड हलवतो. एकटा. तुतवार."

शंका असेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह टाका. प्रश्नचिन्ह लिहिताना लाजू नका. अनुभवी लोकांच्या वह्या प्रश्नचिन्हांनी भरलेल्या असतात.

थवा मोजताना "खूप" लिहू नका. दहा पक्षी मोजा, ते दहा मिळून किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरा, आणि तेवढे तुकडे थव्यावर पुढे पुढे ठेवत जा. बारा तुकडे बसले तर अंदाजे १२०. दोन जणांनी वेगवेगळं मोजून मग आकडा ताडून बघावा.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी चढवायची असेल तर फेरीची वेळ, चाललेलं अंतर आणि ओळखता आलेले सगळे पक्षी भरा, कावळा-पारवा-साळुंकीसह. दुर्मीळ तेवढे भरून यादी पूर्ण असल्याची खूण केली तर नोंद चुकीचं बोलते, कारण त्या दिवशी तिथे कावळा नव्हता असा तिचा अर्थ होतो.

## ८. फोन आणि कॅमेरा यांची पाळी आता

मर्लिनसारखी पक्षी ओळखणारी अ‍ॅप्स कामाची आहेत, पण ती शेवटी उघडा. आवाजावरून अ‍ॅपने नाव सुचवलं तर त्याला सुगावा समजा आणि पक्षी डोळ्यांनी बघा. बंधाऱ्याच्या पाण्याचा आवाज आणि रस्त्यावरचे हॉर्न यांत अ‍ॅप चुकतं. कोतवाल तर दुसऱ्या पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करतो.

फोटो काढायचाच असेल तर आधी एक मिनिट दुर्बिणीने बघा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फक्त पक्षी दिसतो, तो अस्वस्थ झाला आहे हे दिसत नाही.

सावधान: फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. विणीच्या दिवसांत नर पक्षी तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजून घरटं सोडून धावत येतो. घरट्याचे फोटो काढू नका आणि घरट्याचं ठिकाण समूहावर टाकू नका. फोटोसाठी फांद्या बाजूला केल्या की कावळ्याला घरटं उघडं पडतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. अंडी आणि घरटी यांना हात लावणं ही नुसती वाईट सवय राहत नाही, तो गुन्हा ठरू शकतो.

## ९. पक्षी शांत असतील तेव्हा

साडेआठच्या पुढे ऊन चढलं की नजर खाली आणा. ओल्या गाळात येऊन गेलेल्यांची हजेरी उमटलेली असते: मुंगसाची नखांसह पाच बोटं, बगळ्याची लांब मागची बोटं, टिटवीचे मागे बोट न उमटलेले तीन बोटांचे ठसे. गवतावर बसलेला चतुर पंख पसरून बसतो, टाचणी, म्हणजे चतुरासारखाच पण बारीक कीटक, बहुधा पंख अंगाला लागून मिटून बसते. पाण्यात मान वर काढून पोहणारा चौकटीच्या नक्षीचा साप बहुतेक वेळा दिवड असतो. तो बिनविषारी आहे, पण डिवचलात तर कडकडून चावतो, तेव्हा त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्या. गोगलगायींचे रिकामे शंख एकाच जागी पडलेले दिसले तर उघड्या चोचीचा करकोचा इथे जेवून गेला असण्याची शक्यता आहे. त्याच्या चोचीच्या मधोमध फट असते आणि गोगलगायी हे त्याचं मुख्य खाणं.

इथेच लोक मला एक प्रश्न विचारतात. बंधाऱ्याखाली पांढरा फेस, काठाला प्लॅस्टिक, वास येतोय, तरी इतके पक्षी कसे? मग नदी तेवढी काही वाईट नाही ना? उत्तर नीट समजून घ्या. सांडपाण्यात कुजणारं द्रव्य भरपूर असतं, त्यावर अळ्या आणि कृमी माजतात. शेकाटे, धोबी, तुतवार आणि थापट्या बदक यांना ते खाणं मिळतं. पण पाण्यात बघून मासा धरणाऱ्यांना गढूळ पाणी अडवतं. म्हणून नुसती एकूण संख्या मोजू नका. नदी सुरय, कवड्या धीवर आणि छोटा खंड्या यांची वेगळी ओळ ठेवा. पाच वर्षांनी त्या ओळी नदीबद्दल जास्त खरं सांगतील. आणि आपल्यापुरतं: त्या पाण्यात हात घालू नका, घातलाच तर साबणाने धुतल्याशिवाय डोळ्याला, तोंडाला लावू नका.

## १०. ऋतू बदलला की नियम बदलतात

सुरुवात करायला नोव्हेंबर चांगला. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली आणि पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचे जन्मदिवस त्याच्या दोन टोकांना येतात. तोवर धोबी स्थिरावलेले असतात आणि बदकं उतरायला लागलेली असतात. फेब्रुवारीअखेरपर्यंत गर्दी टिकते, मार्च-एप्रिलमध्ये पाहुणे परततात.

मार्च ते जूनमध्ये उघडे पडलेले वाळूचे आणि गोट्यांचे पट्टे पूर्णपणे सोडा. टिटवी, कंठेरी चिखल्या, नदी सुरय उघड्यावरच अंडी घालतात. अंडी दगडांसारखीच दिसतात आणि पाय पडेपर्यंत कळत नाहीत. आपण तिथे रेंगाळलो तर पक्षी अंड्यांवरून उठतो आणि तेवढ्या वेळात उन्हाने अंडी भाजून निघतात.

सावधान: पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग सुरू असल्याची बातमी असेल तर मुठेच्या आणि पुढे मुळा-मुठेच्या पात्रात उतरू नका, बंधाऱ्यावर पाऊलही ठेवू नका. आपल्याकडे ऊन असलं तरी वर घाटात पाऊस चालू असतो. बंधाऱ्याचा माथा एरवीही शेवाळाने निसरडा असतो. त्या महिन्यांत काठावरची झाडं आणि शेतं बघा. विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणींची घरटी विणली जात असतात, आणि एक नर चार-चार घरटी अर्धवट विणून मादीची वाट बघत असतो.

## ११. घरी आल्यावर, त्याच दिवशी

आंघोळ-जेवण झाल्यावर वही उघडा. आता पुस्तक काढा, अ‍ॅप काढा, प्रश्नचिन्हांवर काम करा. दोन नावांत अडकलात तर दोन्ही लिहा आणि त्यांच्यात फरक करणारी एक खूण समोर लिहा: "भुवई होती का?", "उडताना बूड पांढरं होतं का?" पुढच्या फेरीत नेमकं तेच बघायचं.

मग पुढच्या पानावर पुढच्या रविवारची तारीख टाका. जागा तीच, वेळ तीच, उभं राहायचं झाडही तेच. खाली त्या दोन-तीन खुणा लिहा आणि वही बुटांपाशी ठेवून द्या.